पंचमीची पाऊणपट

हर्णै, श्रावण शुद्ध पंचमी

सकाळी पुतण्याने अंगणातूनच विचारलं, "काका, आज भरती किती वाजता?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आजोबांनी मी पहिलीत असताना शिकवलेलं. पंचमी, म्हणजे पावणेचार. सांगितलं खरं, पण बोटं मोजून. गेल्या श्रावणात तेही जमत नव्हतं. पाऊणकी म्हणता म्हणता तिथी कुठली धरली होती तेच निसटायचं.

कमरेच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली. दुखण्यावर ट्रॅमाडॉलची पन्नास मिलिग्रॅमची गोळी, दिवसाला दोन, दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. अकराव्या दिवसापासूनचा सगळा कारभार माझा. 2018 मध्ये ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पण ओळखीच्या माणसाला कोण अडवतो? तेवढ्याने दुखणं थांबेना म्हणून दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. व्यसन म्हणजे गुत्त्यावरच्यांचं, अशी माझी समजूत.

बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाची वही माझ्याकडे असते. पूर्वी दहा होड्यांचे भाव डोक्यात घेऊन घरी यायचो आणि चहा पीत उतरवायचो. मग एकाची सुरमई दुसऱ्याच्या खात्यावर चढली. तो हसून सोडून देणारा. मी मात्र घरी येऊन हिच्यावर ओरडलो, वही कुणी हलवली म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही विसरत नाही आहात, मुळात नोंदच कमी होतेय." गोळीने लक्ष मंदावतं, आणि लक्षच नाही तिथे आठवण कुठून येणार? सगळं खापर गोळीवर फोडलं नाही त्यांनी. दुखणंही लक्ष खातं, तुटक झोपही. पण पुतण्याच्या लग्नाचे फोटो बघतो तेव्हा त्यांचं म्हणणं पटतं. अक्षता टाकणारा, फेटा बांधलेला मीच आहे. सनई ऐकल्याचं काही आठवत नाही, जेवणात काय होतं तेही नाही. दुःख झालं असतं तर बरं, तेही तेव्हा होत नव्हतं. सगळं कसं छान, कापसात गुंडाळलेलं.

मध्यंतरी हिय्या करून एका दिवसात बंद केली. जांभयांवर जांभया, नाकाला धार, अंगावर काटा, आणि रात्रभर पाय बिछान्यात पोहत होते. डोकं तर आणखीच बधिर. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. डॉक्टर ऐकून चिडले: एकदम सोडायची नाही, आणि आठाच्या वर गेलात तर आकडीचा धोका वाढतो. आता त्यांच्या हिशोबाने थोडी थोडी उतरवतोय, दोनावर आलोय. डोकं पूर्ववत व्हायला काही महिने लागतील म्हणाले, पूर्ण होईलच असं मात्र बोलले नाहीत.

ही हळदीच्या पानांत पातोळ्या थापत होती, तेवढ्यात बंदरावर जाऊन आलो. पाणी चढायचं थांबलं तेव्हा घड्याळात चारला दहा कमी होते. पाच मिनिटं चुकली म्हणायची. आजोबांकडे घड्याळ नव्हतंच.