आजोळची जमीन आणि समुद्राकाठची ती थडगी

लेकीकडं इंग्लंडला दीड महिना राहून आलो, तिकडं खूप काही पाहिलं पण डोक्यातून जात नाही ते समुद्राकाठच्या एका छोट्या गावातलं चर्चचं आवार. जावयानं सहज गाडी थांबवली होती. आत गावच्या लोकांची जुनी थडगी, आणि एका बाजूला ओळीनं सारखेच पांढरे दगड, महायुद्धातल्या सैनिकांचे.

सगळे एकाच उंचीचे, 2 फूट 8 इंच. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड तोच, 1917 ला सैनिकांच्या थडग्यांचं काम बघायला जे कमिशन नेमलं त्यांनीच तसं ठरवलं म्हणे. वर पलटणीचं चिन्ह, खाली नाव, तारीख, वय, आणि सगळ्यात खाली घरच्यांना एक ओळ लिहायची मुभा, तीपण 66 अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. आई-बापानं पोराविषयी काय लिहावं 66 अक्षरांत? मी एकेक दगड वाचत बसलो, लेक म्हणाली बाबा गार वारा आहे चला, पण पाय निघंना.

एकावर नावच नव्हतं. नुसतं, महायुद्धातला एक खलाशी, देवालाच ठाऊक. जहाज बुडायचं आणि प्रेतं कुठंतरी काठाला लागायची, ओळख पटायची नाही, मग त्या गावानं आपल्या चर्चमध्ये जागा द्यायची. नाव नाही तरी दगड आहे बरं का.

आणि मला आपली असई आठवली. जालन्याच्या भोकरदन तालुक्यातली, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. कंपनीच्या बाजूचे 428 ठार झाले, त्यात मद्रासकडचे देशी शिपाई बरेच, आणि आपल्या बाजूचे तर त्याहून कितीतरी जास्त. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथंच कापले गेले. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला माहितीय का? मला नाही, आणि माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर.

आजोबा शेतात एका ठिकाणी औत थांबवून हात जोडायचे. कुणाला, ते त्यांनापण माहीत नव्हतं, त्यांचा बाप जोडायचा म्हणून ते जोडायचे.

लेकीनं नंतर ब्रायटनजवळच्या टेकडीवर नेलं. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन तिथल्या दवाखान्यात वारलेल्या 53 हिंदू-शीख सैनिकांना तिथं अग्नी दिला होता. त्यांच्या स्मारकाची छत्री 1921 ची, पण नावांचा दगड बसला 2010 ला! जवळजवळ शंभर वर्षांनी का होईना, पण कुणीतरी कागद धुंडाळले, नावं कोरली. मग आपल्याकडंपण कुठल्या दप्तरात, कुठल्या हजेरीपटात असईच्या गोलंदाजांची चार नावं असतीलच की, शोधायला पाहिजेत, मोडी वाचणारं कुणी असेल तर खरंच सांगा.

आल्या आल्या मामाला फोन केला, म्हटलं आजोबा हात जोडायचे ती जागा दाखवशील का. म्हणला दाखवतो की, बांध अजून तोच आहे, सोयाबीन निघू दे मग ये.