काकूंचं लाइट बिल आणि माझा डबा

मावसभावाचा फोन आला गेल्या आठवड्यात. यंदा इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे, संभाजीनगरच्या हॉस्टेलवर. "ताई, पप्पा नव्वद हजारांना तयार झालेत. गेमिंग लॅपटॉप घेऊ का तुझ्यासारखा पीसी? सांग की." मी म्हटलं, आधी खोलीतलं टेबल मोज. त्याला वाटलं मी टाळतेय.

माझी खरेदी २०२२ची. त्या वर्षी अ‍ॅडमिशनचे राउंड लांबत गेले. घरचे वैतागले होते, पण माझं भलंच झालं. १५ सप्टेंबरला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि दोन वर्षं मायनिंगवाल्यांनी पळवलेली ग्राफिक्स कार्डं पुन्हा माणसांच्या भावात यायला लागली. दिवाळीच्या तोंडावर मी आणि पप्पा रात्रीच्या महालक्ष्मीने कराडहून मुंबईला गेलो, मग लोकलने ग्रँट रोडला उतरून थेट लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. दुकानदार सगळं पप्पांनाच समजावत होता. कार्डावर खेळायचंय मला, माहिती पप्पांना. शेवटी मीच विचारलं, "मदरबोर्ड जुना बी४५० आहे, नवा ५६०० प्रोसेसर ओळखायला त्याचं बायोस अपडेट करून देणार ना?" मग तो माझ्याकडे वळला.

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, चोवीस इंची मॉनिटर, यूपीएस. पंच्याऐंशी हजार. परतीच्या महालक्ष्मीत माझ्या अप्पर बर्थवर कॅबिनेट झोपलं, मी पप्पांच्या बर्थवर आणि पप्पा रात्रभर बसून.

तेवढ्या पैशांत लॅपटॉप घेतला असता तर एक पायरी खालचं ३०५० कार्ड मिळालं असतं, ४ जीबीचं. आणि नावाला भुलू नका. लॅपटॉपमध्येही ३०६० असतं, पण ते ६ जीबीचं. डेस्कटॉपचं कार्ड १७० वॅट खातं, लॅपटॉपमधलं कंपनीने ठरवलेल्या ६० ते ११५ वॅटमध्ये भागवतं. एकाच नावाचं कार्ड असलेले दोन लॅपटॉप सेकंदाला वीस-वीस फ्रेमने वेगळे चालतात ते त्यामुळे. वॅटचा आकडा बॉक्सवर ठळक सहसा नसतो, शोधावा लागतो.

इथपर्यंत मीच शहाणी होते. मग पुण्यात कर्वेनगरला पीजीत राहायला आले.

पहिल्याच महिन्यात पीजीच्या मालकीणकाकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या डब्याला लाइट फार लागते. पाचशे जास्तीचे दे." मी वही घेऊन बसले. गेम चालू असताना मॉनिटरसकट ३०० वॅट धरू. रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. युनिटला दहा रुपये धरले तरी ३६०. काकूंनी वही हातात घेऊन दोनदा वाचली. "आणि पंखा?" पंखा तर सगळ्यांचाच चालतो, काकू. तीनशेवर मिटलं. (रोज चार तास मात्र नव्हतेच. परीक्षेच्या काळात शून्य, सबमिशन झाल्यावर आठ.)

गुरुवारी मेन्टेनन्सला लाइट जायची, तो दिवस लॅपटॉपवाल्यांचा. माझा ६०० व्हीएचा यूपीएस फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता. एकदा रात्री सिम्युलेशन लावून झोपले आणि सकाळी तशीच लेक्चरला गेले. वार लक्षात राहिला नाही. नऊ तासांचं काम गेलं. तेव्हापासून ऑटोसेव्ह लावल्याशिवाय मी पाणीसुद्धा प्यायला उठत नाही.

पण रूममेटचा गेमिंग लॅपटॉपही मी जवळून पाहिलाय. लायब्ररीत त्याचा फॅन सुटला की चार टेबलं वळून बघायची. मशीन सव्वादोन किलोचं, वर विटेएवढा चार्जर, कारण बॅटरीवर गेम निम्म्या वेगानेही चालत नाही. तिसऱ्या वर्षी बिजागरी तुटली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, अख्खं वरचं पॅनल बदलावं लागेल. माझं बिघडलं ते एकच, एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग. दुपारी टिळक रोडवरून नवा आणला, संध्याकाळी बसवला.

मात्र चार वर्षांत तीन खोल्या बदलल्या. दर वेळी आधी ग्राफिक्स कार्डचे स्क्रू काढायचे, मागची खिट्टी दाबून ते अलगद सोडवायचं, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ओढणीत गुंडाळायचं. रस्त्यातल्या खड्ड्यात जड कार्डाने स्लॉटच तोडला तर मदरबोर्ड गेला. मग कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षात. थर्माकोलसकट मूळ खोका अजून कॉटखाली आहे, त्यावरून इथल्या काकूंशी वेगळं भांडण झालंय.

आणि जी गोष्ट मी पप्पांना दोन वर्षं सांगितली नाही ती म्हणजे, सेकंड इयरला मी सोळा हजारांचा जुना ऑफिसचा लॅपटॉप घेतलाच. ग्रुप प्रोजेक्टला दर वेळी "माझ्या खोलीवर या" म्हणायला मुलींचं पीजी कुठे चालतं? मुलगे फाटकाबाहेर उभे. म्हणजे माझा स्वस्तातला डेस्कटॉप एक लाख एक हजाराला पडला. तरीही तोच घेतला असता, कारण मला रात्री एका जागी बसून खेळायचं होतं आणि ती जागा माझ्याकडे होती.

परवा मावसभावाने फोटो पाठवला. टेबल दीड फूट रुंद, त्यावर दोघांचे डबे आणि इस्त्री. तिघांत मिळून एकच सॉकेट. चोवीस इंची मॉनिटर ठेवला तर जेवायचं कॉटवर.

"लॅपटॉप घे," मी लिहिलं. "वॅट बघून घे, रॅमला दुसरा स्लॉट आहे का विचार. रॅमचे भाव सध्या भडकलेत, उतरले की वाढव."

"आणि पीसी?"

"माझा कराडला आणते जूनमध्ये. सुट्टीत ये. कार्ड मीच काढणार, तू हात लावायचा नाहीस."