चाळिशीत पुन्हा पाचवीचं गणित

दहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. मी केली आणि पंधरवडा वाया गेला. बालभारतीची पाचवी ते आठवीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रत्येक सरावसंचातली शेवटची पाच गणितं सोडवायची. तीन चुकली की तिथंच मुक्काम. माझा मुक्काम अपूर्णांकांवर पडला. बीजगणित जमत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं हेच असतं.

सांगलीत सव्वादोन, पाऊण, अडीच हे सगळे तोंडी करतात. तेच 9/4 असं कागदावर आलं की घाम फुटतो!

1/2 + 1/3 = 2/5 ही जुनी चूक. 12 सेंटिमीटरची कागदाची पट्टी घ्या. निम्मी 6, तिसरा हिस्सा 4, मिळून 10. म्हणजे 10/12, अर्थात 5/6. बाराच का, तर 2 आणि 3 दोघांनीही भाग जातो. समच्छेद म्हणतात तो हाच. आणि 2/5 तर निम्म्याहून कमी. निम्म्यात भर घातली आणि निम्म्याहून कमी झालं, असं कसं होईल?

टक्केवारीने जास्त छळलं. ओली हळद शिजवून वाळवली की 80 टक्के घटते असं धरू. 400 किलो वाळकी हळद हवी, तर ओली किती लागेल? हात आपोआप 400 चे 80 टक्के काढून त्यात मिळवतो: 720. आता उलट तपासा. 720 ची वाळून 144 किलोच भरते. घट ओल्या मालावर धरलेली असते, वाळक्यावर नाही. 400 म्हणजे 20 टक्के, म्हणून ओली 2000 किलो.

कंसाबाहेर वजा असलं की आतली सगळी चिन्हं बदलतात. 7 − (x − 3) म्हणजे 10 − x. 4 − x नव्हे. शंका आली तर x = 5 घालून बघा: मूळ राशी 5 येते, चुकीची −1.

रोज 40 मिनिटं पुरतात, त्यातली शेवटची 10 कालच्या चुकांना. उत्तर बघून ‘हां, कळलं’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक; वही मिटून तेच गणित पुन्हा मांडायचं. चूक खोडायची नाही, शेजारी कारण लिहायचं: ‘छेद’, ‘चिन्ह’ किंवा ‘कशाचे टक्के?’ माझ्या वहीत अजूनही तिसरंच जास्त वेळा लिहावं लागतं.