तुम्ही विचारलंत म्हणून: 'बाबा कुठल्या सिनेमात दिसतात?'

माझे बाबा सिनेमात एक्स्ट्रा होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'अय्या, कुठल्या सिनेमात दिसतात?' विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, आणि माझ्याकडे द्यायला एकही नाव नसतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

नावं बाबांनाच माहीत नसायची. सप्लायरचा, म्हणजे शूटिंगला गर्दीची माणसं पुरवणाऱ्याचा, निरोप यायचा तो एवढाच: उद्या सकाळी सात, फिल्मिस्तान (गोरेगावचा स्टुडिओ), पांढरा शर्ट. सिनेमाचं नाव बऱ्याचदा ठरलेलंही नसे, 'प्रॉडक्शन नंबर' अमुक एवढ्यावर काम चालायचं. सिनेमा लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं निघून जायची. तोवर बाबांनी आणखी कितीतरी लग्नांत अक्षता टाकलेल्या असायच्या आणि कितीतरी खटल्यांचे निकाल ऐकलेले असायचे.

बाबा मूळचे साचेवाले, म्हणजे गिरणीत साच्यावर, मागावर, कापड विणणारे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या लालबागच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली, काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या. बाबांना शेजारच्या खोलीतल्या काकांनी एक दिवस गोरेगावला सोबत नेलं. हवालदाराचा गणवेश अंगावर चढवून त्यांना एका दारापाशी उभं केलं. संध्याकाळी हातात पैसे आले आणि बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

ते म्हणायचे, माणसं घ्यायची पद्धत गिरणीच्या गेटवरचीच आहे. तिथे बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतले जाणारे, जॉबरच्या, म्हणजे माणसं निवडणाऱ्या मुकादमाच्या, तोंडाकडे बघत उभे राहायचे, इथे सप्लायरच्या. जॉबरला खूश ठेवावं लागे, सप्लायरचा हिस्सा आधीच कापलेला असे. युनियनचं कार्ड असलेल्याला ठरलेला दर मिळायचा, नसलेल्याला सप्लायर देईल तो. बाबांना कार्ड मिळायला बरीच वर्षं लागली. ज्याच्याकडे स्वतःचा सूट, त्याला पार्टीच्या सीनला बोलावत आणि पैसेही जास्त देत. बाबांचा लग्नातला कोट त्या काळात आमच्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू होती. आई तो रोज रात्री ब्रशने झटकून खुंटीला लावायची आणि आम्हाला त्या भिंतीला टेकून बसायची बंदी होती.

लोकांना वाटतं, मागे उभं राहायला काय लागतं? पुष्कळ लागतं, आणि ते सांगायची संधी मिळाली की मी सोडत नाही. समजा कोर्टाचा सीन आहे. आधी अख्ख्या कोर्टाचा मास्टर शॉट घेतात. मग तेच संवाद पुन्हा म्हणवून वकिलाचा क्लोजअप, मग आरोपीचा, मग आईच्या भूमिकेतल्या बाईंचा. प्रत्येक वेळी मागच्या बाकावरच्या माणसाने त्याच शब्दाला मान वळवायची, नाहीतर शॉट एकमेकांना जुळत नाहीत. बाबा ते संवादावरून लक्षात ठेवायचे. 'मिलॉर्ड'ला वर बघायचं, 'खून'ला शेजाऱ्याकडे वळायचं. मधे जेवणाची सुट्टी झाली, दिवे बदलायला दोन तास गेले, तरी परत येऊन तेच. मे महिन्यात, त्या प्रचंड दिव्यांखाली, लोकरीच्या कोटात. असिस्टंट ओरडायचा तो बहुतेक वेळा नवख्या माणसांवर. 'अमक्याला त्याच जागी बसव, तो चुकत नाही' असं बाबांबद्दल म्हटलं जायचं आणि त्यांना त्याचा सार्थ अभिमान होता.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे आवाज न करता बोलणं. संवाद नंतर डबिंगला पुन्हा बोलले जात, तरी सेटवर पायलट ट्रॅक, म्हणजे डबिंगच्या वेळी आधाराला लागणारा कच्चा आवाज, घेतलेला असे, आणि पुढच्या नटांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं लागे. त्यामुळे पार्टीतल्या, लग्नातल्या माणसांनी गप्पा मारताना दिसायचं, पण ऐकू यायचं नाही. नवीन माणूस नुसते ओठ हलवतो, आणि ते लगेच कळतं. डोळे रिकामे असतात त्याचे.

बाबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. साचाखात्यात शेकडो साचे एकदम खडखडत असत, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथली माणसं ओठांवरून आणि हातांवरून बोलायची. बाबा घरीही तसंच बोलत. चाळीच्या खालच्या चौकातून ते गॅलरीत उभ्या असलेल्या आईला मुकाट्याने विचारायचे, 'मीठ आणू का?' आणि ती वरून मान हलवायची. आम्हा भावंडांनाही ते बोलणं वाचता यायचं. सेटवर बाबा शेजारच्या माणसाशी खरोखर बोलत, खरोखरचं काहीतरी. गिरणी गेली तरी तिथली ही विद्या बाबांना पुढे उपयोगी पडली, याचं मला अजून फार अप्रूप वाटतं.

श्रेयनामावलीत सप्लायरचं नाव येतं, माणसांची येत नाहीत. मला हे चूक वाटतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आणखी एक मिनिट नावं सरकली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

एका सिनेमाचं नाव मात्र मला माहीत आहे. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागला होता आणि आम्ही सगळे शेजारच्या काकांकडे बघायला बसलो होतो. लग्नाचा सीन होता. नवरीचे वडील पुढे उभे, आणि त्यांच्या खांद्यामागे फेटा बांधलेले बाबा, शेजारच्या माणसाशी बोलताहेत. चाळीतली पोरं ओरडली, 'बघा बघा!' आई ओरडली नाही. ती बाबांचे ओठ वाचत होती. मीही वाचले. ते म्हणत होते, 'आता गिरणी काय उघडत नाही. पोरांना गावी पाठवून देतो.'

हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरात ते शेवटपर्यंत 'उघडेल, उघडेल' म्हणायचे.

रात्री आईने विचारलं, 'अहो, पोरांना पाठवणार होतात?'

'त्या दिवशी वाटलं होतं,' बाबा म्हणाले. 'मग दुसऱ्या दिवशी शिफ्ट मिळाली.'

त्यानंतर सेटवर कुणाशी काय बोललो, ते घरी येऊन सांगायची त्यांनी सवयच लावून घेतली. आई जेवण वाढता वाढता विचारायची, 'आज लग्नात काय बोललात?'

तो सिनेमा अजूनही अधूनमधून टीव्हीवर लागतो. नाव मी सांगणार नाही. ते बोलणं आमच्या घरातलं आहे.