इक्थिओसॉर मासा नव्हता, हे कशावरून?

शेपटीला वर-खाली दोन पाती, पाठीवर पर, निमुळतं लांब तोंड. इक्थिओसॉर म्हणजे डायनासोरांच्या काळातला, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. त्याचं चित्र पाहिलं की बहुतेक जण मला विचारतात, "हा तर मासाच दिसतोय. याचे पूर्वज जमिनीवर राहत होते, हे कशावरून?"

शंका रास्त आहे. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंग आणि तिच्या भावाला इंग्लंडमधल्या लाइम रीजिसला सापडलेल्या सांगाड्यावर 1814 मध्ये शल्यविशारद एव्हरार्ड होम यांनी लिहिलं, तेव्हा त्यांनीही त्याला माशांच्याच जवळ बसवलं होतं.

पण त्याचा पुढचा पर नीट बघा. आत दंडाचं हाड, त्याखाली दोन हाडं, मग मनगट आणि बोटं. हाडं आखडलीत, पेरांची संख्या वाढलीय, तरी हात लपत नाही. माशाच्या परात मनगट-बोटं कुठली!

मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो चीनच्या आनहुई प्रांतातला जीवाश्म. चाओहूसॉरस या सुरुवातीच्या इक्थिओसॉरची मादी, सुमारे 24.8 कोटी वर्षांपूर्वीची, बहुधा बाळंतपणातच गेलेली. एक पिल्लू अजून पोटात, एक बाहेर पडलेलं, आणि तिसरं कटीच्या हाडांमधून अर्धवट बाहेर आलेलं, डोक्याकडून. नंतरच्या इक्थिओसॉरांची पिल्लं बहुतेकदा शेपटीकडून जन्मत, आजच्या डॉल्फिनसारखी. डोकं आधी येणं ही जमिनीवरच्या प्राण्यांची रीत. म्हणून 2014 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ र्योसुके मोतानी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पिल्लांना जन्म देणं या वंशात जमिनीवरच सुरू झालं असावं. या तर्कावर पुढे आक्षेपही आले, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी पाण्यात गुदमरतात, कासवं त्यासाठीच अजून किनाऱ्यावर येतात. किनारा कायमचा सोडायचा तर अंडी घालणं आधी सुटायला हवं, हे मला पटतं.

त्याच भागातला, इक्थिओसॉरांचा जवळचा नातलग कार्टोरिंकस जेमतेम 40 सेंटिमीटरचा. त्याचे पर लवचीक होते, त्यामुळे तो सीलसारखा जमिनीवरही सरकत असावा.

पूर्णपणे जमिनीवर राहणारा पूर्वज मात्र अजून हाती लागलेला नाही. त्यातच आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावरचे इक्थिओसॉरचे मणके 2023 मध्ये जाहीर झाले. ते जवळपास 25 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि खुल्या समुद्रात मुरलेल्या प्राण्याचे. पर्मियन कालखंडाच्या अखेरचा, बहुतेक सजीव जाती संपवणारा महाविनाश त्याच्या जेमतेम 20 लाख वर्षं आधीचा. एवढ्या थोड्या काळात इतका बदल अवघड वाटतो, तेव्हा तो पूर्वज आता महाविनाशाआधीच्या खडकांतही शोधायला हवा.