स्लीव्हनंतर वजनाचा काटा अडकला, जेवण नका कमी करू (माझा अनुभव)

बॅरिएट्रिक (वजन कमी करायचं ऑपरेशन) झालेल्या सगळ्यांना कळकळीने सांगते, वजन थांबलं म्हणून ताटातलं आणखी कमी करू नका. माझं स्लीव्हचं ऑपरेशन बडोद्यालाच झालं, त्यात पोटाच्या पिशवीचा (जठराचा) पाऊण भाग तरी काढतात, भुकेचं घ्रेलिन हार्मोन पण कमी होतं, त्यामुळे सुरुवातीला वजन इतकं भराभर उतरलं की ब्लाऊज शिवून येईपर्यंत ढगळ व्हायचा. आणि मग पाचव्या महिन्यात काटा 91 वर जो बसला तो हलेचना.

सासूबाई काळजीने विचारायच्या, "अगं, एवढं पोट कापून घेतलंस, वाया तर नाही ना गेलं?" जिन्यात शेजारच्या बेन भेटल्या की "केम बेन, वजन अटकी गयुं?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं पण मला रडू यायचं, मी खात होते तेच मुळी चार घास, त्यातलं काय कमी करणार?

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी12, आयर्न, व्हिटॅमिन डी सगळं तपासायला लावलं आणि मग नीट समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांचं वजन थांबतं, ती पाण्याची भानगड असते, शरीरातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) स्वतःच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं, ते संपलं की पाणी जातं आणि साठा भरायला लागला की परत येतं. माझं तसलं नव्हतं. शरीर लहान झालं की त्याचा कॅलरीचा खर्चही कमी होतो, त्यात चरबीबरोबर स्नायू गेले की खर्च अजून घटतो, म्हणजे उपाशी राहून उलटंच होणार ना!

डाएटिशियनने दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगितलं. आम्ही शाकाहारी, तिने समोर वाटी ठेवून हिशोब करून दाखवला, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. पोटात मावतं एवढंसं, म्हणून आधी पनीर, मूग, चक्का, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळीचा तुकडा. तेवढ्यानेही भरत नव्हतं म्हणून मधल्या वेळेला प्रोटीन पावडर. इथे घरोघरी डब्यात खाखरा, शेव, चिवडा असतोच, तो तोंडात विरघळून सरकन खाली उतरतो, पोट भरल्याचं कळतच नाही, त्यामुळे नवऱ्याने ते डबे स्वतःहून वरच्या फळीवर ठेवले (याचं मला फार बरं वाटलं). पाणी जेवताना नाही, नंतर अर्ध्या तासाने.

कमाटीबागेत चालणं चालू होतंच, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत म्हणून रबर बँड आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं सुरू केलं. सुरुवातीला मांड्या अशा थरथरायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, पण हळूहळू जमायला लागलं.

आणि टेप! बेंबीच्या लेव्हलला टेप लावून वहीत लिहायला सांगितलं होतं. काटा 91 च दाखवत होता आणि कंबर जवळजवळ दीड इंच कमी, मी दोनदा मोजलं, मग सासूबाईंकडून मोजून घेतलं. त्या दिवसापासून त्यांचा प्रश्न बंद झाला.

नंतर काटा हलला, सावकाश, मध्ये परत थांबत थांबत, आता 84 आहे. डॉक्टर म्हणाले साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत उतरत राहतं, प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा बहिणीच्या ऑपरेशनशी तुलना करत बसू नका. फक्त सारख्या उलट्या होत असतील, चक्कर येत असेल किंवा वजन चढायला लागलं असेल तर वाट न बघता सर्जनला दाखवा, आणि बी12, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या वजन उतरो न उतरो, आपल्या मनाने बंद करू नका.