डभोईच्या वाटेवरच्या वसाहती

बडोद्याहून डभोई तीसेक किलोमीटर. सरदार पटेलांचा पुतळा बघायला केवडियाला निघालेल्या गाड्या याच रस्त्याने सुसाट जातात. आम्ही डभोई-वाघोडियाकडच्या वसाहतींत थांबलो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितातून उठलेले तडवी, भिल आदिवासी इथे राहतात. काही कुटुंबं तर आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुव्याकडची.

वसाहत लांबूनच ओळखू येते. डोंगरात फळियातलं, म्हणजे पाड्यातलं, घर ज्याच्या त्याच्या शेतात असतं. इथे ६० बाय ९० फुटांचे प्लॉट, सरळ रांगेत. एका ओसरीला मूळ घराचे सागवानी खांब उभे आहेत. जुन्या तुळयांच्या खाचा तशाच रिकाम्या, वर पत्रा.

नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने १९७९च्या निवाड्यात विस्थापित शेतकरी कुटुंबामागे किमान २ हेक्टर, म्हणजे ५ एकर, ठरवले. गुजरातने सज्ञान मुलांनाही तेवढीच जमीन देऊ केली, पण वय धरलं १ जानेवारी १९८७चं. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा त्यातून वगळला गेला; आज तो पन्नाशीकडे आलाय, आणि ५ एकर तिघा भावांत वाटले की पावणेदोन एकरही वाट्याला येत नाहीत.

हिशेब फक्त जमिनीचा झाला. पाऊस तिकडे डोंगरातही दगा द्यायचा, पण तिकडे खायला असायचं, हे इथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं. एकाच तुकड्यात मका, ज्वारी, उडीद, तूर मिसळून पेरायची. पावसाने दडी मारली तर मका जाई, खोल मुळांची तूर तग धरे. तीही गेली तर चैत्रात मोह: पहाटे गळलेली फुलं वेचून वाळवायची, खायची, धान्याशी बदलायची. शिवाय नदीचे मासे. वसाहतीत मुख्य पीक कापूस. बियाणं, खत, फवारणी, सगळ्याला पैसा आधी लागतो. पाऊस चुकला की अंगावर उरतं ते कर्ज.

अतिवृष्टीचं दुखणं वेगळंच. डोंगरउतारावर पाणी थांबत नसे. इथली काळी माती भिजली की फुगते, पाणी जिरू देत नाही. त्यात रस्त्याचा किंवा कालव्याचा भराव आडवा आला की शेताचं तळं होतं. पाणी दोन-चार दिवस साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि तूर उभ्या उभ्या सुकते. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. तसा पाऊस या सपाटीवर झाला तर दुबार पेरणीलाही वेळ उरत नाही.

काय हवंय, असं विचारलं तर पहिलं उत्तर येतं: भरावाखाली मोठी मोरी आणि तिथून ओढ्यापर्यंत चर. आम्ही पाहिलेली मोरी जेमतेम फूटभर रुंद होती, अर्धी गाळाने भरलेली.